नौदलातील टग व सॅल्व्हेज जहाजे : रचना, कार्य आणि उपेक्षा

बीजसंज्ञा : नौदल, टग, ओढदोर, सॅल्व्हेज, दुसरे महायुद्ध, भारतीय किनारपट्टी

प्रस्तावना :

नौदलाचा विचार करताना सामान्यतः विमानवाहू नौका, विनाशिका व पाणबुड्या यांचाच विचार केला जातो. नौदलाच्या इतिहासग्रंथांतही लढाया, तोफा, क्षेपणास्त्रे आणि सेनानी यांना अग्रस्थान मिळते. मात्र लढाई संपल्यानंतर, किंबहुना ती चालू असतानाच, जायबंदी झालेल्या युद्धनौकेचे पुढे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. इंजिने बंद पडलेली, यंत्रकक्षात पाणी भरलेली, शत्रूच्या विमानतळापासून शेदीडशे किलोमीटरवर तरंगणारी दहा-बारा हजार टनांची क्रूझर बुडवून टाकावी की ओढून परत आणावी? बुडविली तर तिच्या बांधणीत गेलेली वर्षे व संपत्ती वाया जाते. ओढून आणावयाची तर तिच्यासोबत आणखी काही जहाजे आणि शेकडो माणसे धोक्यात येतात. या प्रश्नाचे दुसरे उत्तर ज्यांच्यामुळे शक्य होते, त्या टग, सॅल्व्हेज व बचाव जहाजांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात आला आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने अमेरिकेच्या नौदलाचा आधार घेतला आहे, कारण या प्रकारच्या जहाजांची सर्वांत मोठी व सर्वांत नोंदबद्ध परंपरा त्या नौदलाची आहे.

संज्ञा व प्रकार :

'टग' हा शब्द मराठीत आता रूढ झाला आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उभे राहिल्यास मोठ्या जहाजाला ढोसण्या देत धक्क्याला लावणाऱ्या बुटक्या, रुंद टग सहज दिसतात. त्या बंदरातील टग होत. नौदलाची सागरी टग ही वेगळी चीज आहे. तिला ताफ्याबरोबर हजारो मैल जावे लागते, खवळलेल्या समुद्रात अनोळखी जहाजाला दोर लावावा लागतो आणि प्रसंगी गोळीबारही सहन करावा लागतो. अमेरिकी नौदलाने अशा जहाजांना 'फ्लीट टग' असे नाव दिले.

दुसरा प्रकार सॅल्व्हेज जहाजांचा. सॅल्व्हेज म्हणजे बुडालेले, रुतलेले, जळालेले वा फुटलेले जहाज अथवा त्यातील माल वाचविणे. मराठीत यासाठी 'जहाजोद्धार' असा शब्द वापरता येईल, परंतु बंदरात काम करणारे लोक 'सॅल्व्हेज' असेच म्हणतात. या जहाजांवर पाणबुडे, हवेचे कॉम्प्रेसर, पाणी उपसण्याचे पंप, वेल्डिंगची साधने व भक्कम क्रेन असते. तिसरा प्रकार पाणबुडीतून माणसे वाचविणाऱ्या जहाजांचा. याशिवाय दुसऱ्या महायुद्धात पूर्णतः लाकडी बांधणीच्या बचाव टगही तयार करण्यात आल्या होत्या. कागदावर हे प्रकार स्वतंत्र असले, तरी संकटाच्या वेळी जे जहाज जवळ असेल तेच दोर लावते, तेच आग विझविते आणि तेच माणसे उचलते, असा अनुभव आहे.

टगची रचना :

अमेरिकेची 'नवाहो' ही टग जानेवारी १९४० मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गातील जहाजांना अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींची नावे देण्यात आली : सेमिनोल, चेरोकी, पॉनी, मन्सी, झुनी इत्यादी. या वर्गातील टगची लांबी सुमारे ६२.५ मीटर, रुंदी ११.७ मीटर आणि वजन सुमारे १,२३५ टन होते. वेग १६ नॉटच्या आसपास होता. सुमारे ८५ माणसांचा संच, एक तीन इंची तोफ व काही विमानविरोधी तोफा असा तिचा सरंजाम होता. विनाशिकेच्या तुलनेत हे आकडे किरकोळ वाटतात. परंतु टगची किंमत तिच्या वेगात नसून तिच्या ओढीत असते.

ओढ मोजण्याची रीत साधी आहे. टगचा दोर धक्क्यावरील भक्कम खुंटाला बांधावयाचा, इंजिन पूर्ण शक्तीने चालवावयाचे आणि दोरावर किती टन ताण येतो ते मोजावयाचे. जहाज जागचे हलत नाही, सर्व शक्ती दोरात उतरते. समान अश्वशक्तीच्या दोन जहाजांत हा आकडा फार वेगळा असू शकतो. विनाशिकेचा पंखा वेगाने धावण्यासाठी घडविलेला असतो, टगचा पंखा मोठ्या व्यासाचा व सावकाश फिरणारा असतो. शर्यतीचा घोडा आणि नांगराचा बैल यांच्यातील फरकासारखाच हा फरक आहे. नवाहो वर्गात डिझेल इंजिने थेट पंखा फिरवीत नसत. ती वीज निर्माण करीत आणि विजेची मोटर पंखा फिरवी. त्यामुळे अगदी मंद गतीतही पूर्ण जोर लावता येई आणि तो हळूहळू वाढविता येई. जड जहाजाला गती देताना हा हळूहळूपणाच निर्णायक ठरतो, कारण एकदम हिसका दिला की दोर तुटतो.

दोर कोठे बांधावयाचा, हाही विचारपूर्वक ठरविलेला भाग आहे. तो जहाजाच्या अगदी टोकाला बांधला तर मागील भार टगचे शेपूट धरून ठेवतो आणि सुकाणू फिरविले तरी टग वळत नाही. म्हणून ओढण्याचे यंत्र मध्याच्या थोडे मागे बसविलेले असते आणि त्यामागील डेक मोकळा ठेवतात. तरीही ओढले जाणारे जहाज वारा-प्रवाहामुळे बाजूला सरकले व दोर टगच्या कुशीवर आला, तर टग काही क्षणांत आडवी होऊन उलटू शकते. टगवरील खलाशांना शत्रूइतकीच भीती या प्रसंगाची असते. त्यामुळे गरज पडल्यास दोर तत्काळ सोडून देण्याची सोय प्रत्येक टगवर असावी लागते.

ओढदोराचा झोळ :

या विषयातील सर्वांत रोचक भाग ओढदोराचा होय. विहिरीवरील मोटेचा नाडा ताठ असावा लागतो, समुद्रातील ओढदोर मात्र ताठ झाला की तो तुटण्याची वेळ आली असे समजावे. टग व तिच्या मागील जहाज यांमध्ये मनगटाएवढा पोलादी दोर असतो. अमेरिकेच्या अलीकडील सॅल्व्हेज जहाजांवर सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचा, नऊशे मीटर लांबीचा दोर वापरला गेला. एवढा दोर स्वतःच्याच वजनाने पाण्यात खोल झोळ घेतो. लाटेवर टग पुढे गेली व मागील जहाज मागे राहिले, की झोळ उथळ होतो. दोघे जवळ आले की तो पुन्हा खोल होतो. म्हणजेच दोराचे वजन हेच स्प्रिंगचे काम करते. जहाजाकडील टोकाला जाड साखळदंड लावतात, तो याच कारणासाठी. साखळीचे वजन झोळ वाढविते आणि जहाजाच्या कडेवर घासल्याने दोर झिजण्याचा धोकाही टळतो.

वादळात दोर अधिक सोडावयाचा, कारण झोळ जितका मोठा तितका हिसका कमी. परंतु किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तोच झोळ तळाला लागून खडकात अडकू शकतो, म्हणून तेथे दोर आखडता घ्यावा लागतो. उथळ पाणी आणि वादळ एकाच वेळी असेल, तर दोन्ही नियम परस्परविरुद्ध सांगतात. अशा वेळी कप्तानाच्या अनुभवावाचून दुसरा आधार नसतो. ओढण्याचे आधुनिक यंत्र ताण मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप दोर सोडते व ताण कमी होताच गुंडाळते. तथापि यंत्र असूनही दर पाळीला दोराचा घासणारा भाग तपासणे आणि थोडा दोर पुढे-मागे करणे, हे काम माणसालाच करावे लागते.

मिडवेचा धडा :

४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत 'यॉर्कटाउन' ही अमेरिकी विमानवाहू नौका बॉम्ब व टॉर्पेडोंनी जायबंदी झाली. ती एका कुशीवर कलल्याने संच उतरविण्यात आला. परंतु नौका बुडाली नाही. रात्र उलटली तरी ती तरंगतच होती. दुसऱ्या दिवशी तिला दोर लावण्यासाठी उपलब्ध झाले ते 'व्हिरिओ' नावाचे जहाज. ते मूळचे १९१९ मधील सुरुंगशोधक, वजन सुमारे ९५० टन. वीस हजार टनांहून अधिक वजनाच्या, पाण्याने भरलेल्या व सुकाणू जखडलेल्या विमानवाहू नौकेला या जहाजाने ओढावयाचे होते. गती जेमतेम दोन-तीन नॉट मिळाली. ६ जून रोजी दुरुस्ती पथक परत चढले, पाणी उपसण्यास सुरुवात झाली, नौकेचा कल कमी होऊ लागला. 'हॅमन' ही विनाशिका तिच्या कुशीला लागून वीज व पाणी पुरवीत होती. त्याच दुपारी 'आय-१६८' या जपानी पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले. हॅमन काही मिनिटांत बुडाली आणि यॉर्कटाउन ७ जूनच्या पहाटे तळाशी गेली.

अधिक शक्तिशाली टग असती तर यॉर्कटाउन वाचली असती, असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु दोन-तीन नॉट गतीने रांगणारी नौका पाणबुडीला आयते लक्ष्य ठरते, हे निर्विवाद आहे.

व्हिरिओच्या नशिबी याहून विचित्र प्रसंग पुढे होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये ती पेट्रोल व बॉम्बने भरलेले बार्ज ओढत ग्वाडलकॅनालकडे निघाली असता जपानी हल्ल्याची वार्ता आली. सोबतच्या 'मेरेडिथ' या विनाशिकेने व्हिरिओवरील माणसे स्वतःवर घेतली, कारण संथ टग वाचणार नाही असे सर्वांना वाटले. १५ ऑक्टोबर रोजी जपानी विमानांनी नेमकी मेरेडिथलाच गाठले व बुडविले. दोनशेहून अधिक माणसे मरण पावली, त्यांतील अनेकजण तराफ्यांवर, शार्कांनी वेढलेल्या पाण्यात. रिकामी व्हिरिओ मात्र सुखरूप तरंगत राहिली व पुढे तिला परत आणण्यात आले. त्याच महिन्यात ग्वाडलकॅनालजवळ जपानी विनाशिकांच्या तोफांनी सेमिनोल बुडाली. सप्टेंबर १९४३ मध्ये नवाहोही पेट्रोलचे बार्ज ओढत असताना टॉर्पेडोला बळी पडली. एकंदरीत, टग म्हणजे आघाडीपासून दूर राहणारे मदतनीस जहाज, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

कॅनबेरा व ह्यूस्टन : ऑक्टोबर १९४४

मिडवेनंतर सुमारे अडीच वर्षांनी जो प्रसंग घडला, तो या विषयाच्या अभ्यासात केंद्रस्थानी ठेवावा असा आहे. अॅडमिरल हॉल्सी यांचा ताफा फॉर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानवरील जपानी विमानतळांवर हल्ले करीत होता. १३ ऑक्टोबर १९४४ च्या सायंकाळी 'कॅनबेरा' या क्रूझरला विमानातून टाकलेला टॉर्पेडो लागला. २३ जण ठार झाले, सुमारे ४,५०० टन पाणी आत शिरले आणि इंजिने बंद पडली. नौका फॉर्मोसाच्या किनाऱ्यापासून केवळ ९० सागरी मैलांवर होती. सर्वांत जवळचा सुरक्षित तळ उलिथी, तो तेराशे मैलांच्या आसपास.

संच उतरवून नौका बुडविणे हा रूढ व सोपा मार्ग होता. हॉल्सी यांनी ती ओढण्याचा निर्णय घेतला. 'विचिटा' या दुसऱ्या क्रूझरने तिला दोर लावला. दुसऱ्या दिवशी 'ह्यूस्टन' या क्रूझरलाही टॉर्पेडो लागला आणि तिला 'बोस्टन'ने ओढावयास घेतले. चार क्रूझर अशा रीतीने जखडल्या गेल्या. लढाऊ क्रूझरने दुसरीला ओढणे म्हणजे एका अपंग नौकेपायी दोन गमावणे, आणि टगचे महत्त्व नेमके येथे दिसते. 'मन्सी' व 'पॉनी' या दोन टग येऊन पोहोचल्या, त्यांनी दोर ताब्यात घेतले आणि विचिटा व बोस्टन मोकळ्या झाल्या. हा सारा काफिला चार नॉटच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या गतीने, दक्षिणेकडे सरकू लागला.

१६ ऑक्टोबर रोजी जपानी विमानांनी पुन्हा हल्ला केला. पॉनी ओढत असतानाच ह्यूस्टनच्या पिछाडीला दुसरा टॉर्पेडो लागला व सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला. आता आत शिरलेले पाणी सहा हजार टनांहून अधिक झाले. एवढे पाणी पोटात घेऊन त्या आकाराची नौका तरंगावी, हेच नवल. अशा वेळी टगने दोर सोडला असता तर तिला कोणीही दोष दिला नसता, कारण ओढले जाणारे जहाज बुडू लागल्यास ते टगलाही खाली खेचू शकते. पॉनीने दोर धरून ठेवत असल्याचा संदेश ह्यूस्टनला दिला आणि ओढ चालूच ठेवली. ह्यूस्टनवर मोजकी माणसे मागे राहून पंप चालवीत होती, भिंतींना लाकडी टेकू देत होती.

दरम्यान जपानी वैमानिकांनी अमेरिकेचा बहुतांश ताफा बुडविल्याचे अतिरंजित दावे केले होते. त्यावर विश्वास ठेवून जखमी जहाजे टिपण्यासाठी जपानी क्रूझरांचे एक पथक बाहेरही पडले. हॉल्सी यांनी याचा फायदा घेऊन दोन्ही जायबंदी क्रूझरांचा आमिषासारखा उपयोग करण्याचे ठरविले आणि विमानवाहू नौका दूर दबा धरून ठेवल्या. शंका येताच जपानी पथक परत फिरले. आमिषाच्या गळाला कोणी लागले नाही, पण आमिष मात्र २७ ऑक्टोबर रोजी उलिथीला सुखरूप पोहोचले. कॅनबेरा पुढे दुरुस्त होऊन क्षेपणास्त्रवाहू क्रूझर म्हणून पुन्हा सेवेत आली. या घटनेचे श्रेय सामान्यतः हॉल्सी यांच्या धाडसाला दिले जाते. ते योग्यही आहे. पण धाडसी निर्णय घेण्याइतकी मोकळीक सेनानीला मिळते ती टग वेळेवर पोहोचल्यामुळे, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. मिडवेच्या वेळी ताफ्यापाशी व्हिरिओ होती, फॉर्मोसाच्या वेळी मन्सी व पॉनी होत्या.

रुतलेले जहाज : मिसुरी, १९५०

बुडणाऱ्या जहाजाइतकेच रुतलेले जहाज बिकट असते. सामान्य समज असा की पुरेशा टग लावून ओढले की ते निघते. प्रत्यक्षात रुतलेले जहाज पूर्णपणे तरंगत नसते. त्याच्या वजनाचा काही भाग पाणी पेलते व उरलेला भाग वाळू पेलते. वाळूवर पडलेला हा भार जोवर कमी होत नाही, तोवर नुसती ओढ व्यर्थ जाते.

१७ जानेवारी १९५० रोजी 'मिसुरी' ही युद्धनौका व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्सजवळ उथळ वाळूवर चढली. जपानने शरणागतीवर स्वाक्षरी केली ती याच नौकेच्या डेकवर, २ सप्टेंबर १९४५ रोजी. सुमारे ५७,००० टनांची ही नौका मार्ग चुकून साडेसातशे मीटरच्या आसपास वाळूत घुसली आणि नेहमीच्या पाणरेषेपेक्षा दोन मीटर वर उचलली गेली. दुर्दैव असे की त्या वेळी उधाणाची भरती होती. समुद्राने जेवढी मदत करावयाची तेवढी जहाज रुतविण्यातच केली होती. पहिल्या दिवशी लावलेल्या टगना ते तसूभरही हलविता आले नाही.

हे काम रिअर अॅडमिरल होमर वॉलिन यांच्याकडे सोपविण्यात आले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तेथील बुडालेल्या युद्धनौका वर काढण्याच्या कामाचे नेतृत्व याच अधिकाऱ्याने केले होते. त्यांनी चार उपाय एकत्र योजले. पहिला, भार कमी करणे : दारूगोळा, इंधन, धान्यसाठा, नांगर व साखळ्या उतरविण्यात आल्या. दुसरा, जहाजाभोवतीची व खालची वाळू उपसून परतीचा मार्ग खणणे. तिसरा, कुशीला पाँटून लावून तिला उचलणे. चौथा उपाय म्हणजे सॅल्व्हेज जहाजांचे खास हत्यार, 'बीच गिअर'. यात एक वजनदार नांगर खोल समुद्राकडे टाकतात, त्याला लांब पोलादी दोर जोडतात आणि तो दोर अनेक कप्प्यांच्या साखळीतून विंचवर ओढतात. अशी एक जोडणी सुमारे ५० टन ओढ देते, आणि अशा अनेक जोडण्या एकाच वेळी लावता येतात. टगची ओढ लाटेबरोबर कमी-जास्त होते. नांगराची ओढ तशी होत नाही. ती तासन्‌तास एकसारखी टिकते आणि भरतीचे पाणी चढेल तसा तिचा परिणाम दिसू लागतो.

पुढील मोठी भरती २ फेब्रुवारीस होती. ३१ जानेवारीचा प्रयत्न फसला. १ फेब्रुवारीच्या सकाळी मिसुरी मोकळी झाली. तिच्या कप्तानावर लष्करी न्यायालयात खटला चालला, हे वृत्तपत्रांनी ठळकपणे छापले. वाळूत कप्प्या व दोर जोडणाऱ्या पाणबुड्यांची नावे क्वचितच कोठे आली.

कौशल्याची जोपासना :

हे कौशल्य पुस्तकातून येत नाही, हे अमेरिकी नौदलाने लवकर ओळखले होते. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' या फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. आग विझविण्यासाठी वरच्या मजल्यांवर इतके पाणी मारले गेले की जहाज तोल जाऊन कुशीवर पडले. नौदलाने त्याच धक्क्यावर सॅल्व्हेजची शाळा सुरू केली आणि पडलेले जहाज हाच तिचा अभ्यासविषय केला. आग विझविताना शिरणारे पाणी हीसुद्धा जहाजाची शत्रू असते, हा धडा विद्यार्थ्यांना खिडकीतून दिसत होता. प्रशिक्षणसंस्थेत काम करणाऱ्यांनी या उदाहरणाचा हेवा करावा असेच ते आहे.

पाणबुडीतील बचावाबाबतही असेच म्हणता येईल. मे १९३९ मध्ये 'स्क्वॉलस' ही पाणबुडी सुमारे ७३ मीटर खोलीवर बुडाली. 'फाल्कन' या जहाजाने घंटेच्या आकाराची बचावकोठडी फेऱ्यांनी खाली सोडून ३३ जणांना जिवंत वर आणले. फाल्कन हेही व्हिरिओच्याच वर्गातील, मूळचे सुरुंगशोधक होते.

युद्धोत्तर घसरण :

युद्ध संपताच ही जहाजे अनावश्यक वाटू लागतात. १९७९ ते १९८१ या काळात अमेरिकेने 'पॉव्हॅटन' वर्गाच्या सात टग बांधल्या. त्यांवर नागरी कर्मचारी नेमले गेले आणि १६ नागरी व ४ नौसैनिक एवढ्या संचावर काम भागविण्यात आले. १९८५-८६ मध्ये दाखल झालेल्या 'सेफगार्ड' वर्गाच्या चार सॅल्व्हेज जहाजांचे संचही २००६-०७ मध्ये नागरी करण्यात आले. दोन्ही वर्गांची जागा घेण्यासाठी नव्या जहाजांचे कंत्राट दिले गेले ते २०१८ मध्ये. त्या वर्गाला पुन्हा 'नवाहो' हेच नाव देण्यात आले आहे.

ही जहाजे निरुपयोगी ठरली होती असे नाही. २००० मध्ये एडन बंदरात स्फोटाने फुटलेल्या 'कोल' या विनाशिकेला बंदराबाहेर ओढून भारवाहू जहाजापर्यंत पोहोचविले ते 'कटॉबा' या पॉव्हॅटन वर्गातील टगने. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने हल येथील एका खासगी कंपनीच्या टग भाड्याने घेतल्या. 'शेफील्ड' ही जळालेली विनाशिका मात्र 'यार्मथ' या फ्रिगेटच्या ओढीखाली असताना १० मे रोजी बुडाली. एप्रिल २०२२ मध्ये रशियाची 'मोस्क्वा' ही क्रूझरही ओढली जात असतानाच बुडाली. त्याच वर्षी १७ जून रोजी 'वासिली बेख' ही रशियन बचाव टग युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी बुडविली गेली. बचावाचे जहाजही लक्ष्य ठरते, हा सेमिनोल व नवाहोचा अनुभव आजही कायम आहे.

भारतीय किनारपट्टी :

भारतीय नौदलाला या शाखेचे महत्त्व १९७१ मध्येच जाणवले. ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमसमोर 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली आणि तिच्या अवशेषांवर पाणबुडे उतरविण्याचे काम 'निस्तार' या सोव्हिएत बनावटीच्या जहाजाने केले. हे जहाज १९८९ मध्ये सेवामुक्त झाले. त्यानंतरच्या काळाची गरज प्रामुख्याने 'निरीक्षक' या जहाजाने भागविली. ते मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेले आहे. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेले, सुमारे दहा हजार टनांचे नवे 'निस्तार' १८ जुलै २०२५ रोजी नौदलात दाखल झाले. दोहोंमधील अंतर छत्तीस वर्षांचे आहे. या अंतरात, १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी १८ जणांसह बुडाली. ती उथळ पाण्यात, आपल्याच धक्क्यालगत होती, तरी वर काढण्यासाठी एका परदेशी सॅल्व्हेज कंपनीच्या भारतीय शाखेला काम द्यावे लागले व जून २०१४ उजाडला.

मुंबईकरांनी टग नसण्याचा अर्थ २०११ च्या पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिला. कोलंबोहून अलंगच्या भंगार किनाऱ्याकडे ओढले जात असलेले 'विस्डम' हे जहाज दोर तुटल्याने जून महिन्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडले. पुढील महिन्याच्या अखेरीस 'पवित' हे टँकर त्याच किनाऱ्याला लागले. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले हे जहाज महिनाभर अरबी समुद्रातून कोणाच्याही लक्षात न येता वाहत आले होते. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः किनारी सुरक्षेची. पाहणाऱ्यांची गर्दी, भेळ-कणसांच्या गाड्या आणि मधोमध आडवे पडलेले जहाज, अशी छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. तथापि पावसाळी समुद्रात सुट्या जहाजाला कोण, किती वेळात दोर लावील, हा प्रश्न सुरक्षेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होता.

९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेवाकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या कंटेनर जहाजाला केरळच्या किनाऱ्यासमोर आग लागली. २२ पैकी १८ जणांना वाचविण्यात आले, चौघे बेपत्ता झाले. जळते जहाज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकलले जात होते. तटरक्षक दलाच्या जवानांनी जहाजावर उतरून त्याला दोर लावला आणि नौवहन महासंचालनालयाने भाड्याने ठेवलेली 'वॉटर लिली' ही टगही कामास लागली. परंतु हवामान बिघडले, तेव्हा १३ जून रोजी कोचीहून नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने सॅल्व्हेज पथकातील माणसे पेटलेल्या जहाजावर उतरविली. त्यांनी दोर 'ऑफशोअर वॉरिअर' या मोठ्या खासगी टगला जोडून दिला आणि जहाजाची नाळ पुन्हा खोल समुद्राकडे वळली.